मामा, प्लास्टर आणि परदेशी रहस्यपट

रविवार, रात्री अकरा

मामांचा पाय प्लास्टरमध्ये आहे, अजून पाच आठवडे तरी. बातम्या बघून बघून इतके वैतागलेत की आज स्वतःहून फोन केला. "तू ते परदेशी सस्पेन्स सिनेमे बघतेस ना, त्यातला एखादा सांग. पण खाली वाचायला लावणारा नको हं. सिनेमा बघायचा की पुस्तक वाचायचं?"

म्हणजे पोहायला शिकव, पण पाण्यात उतरवू नकोस.

रहस्यपट सुचवण्यात मुळातच एक गोची आहे. जे सांगून समोरच्याला ओढायचं, नेमकं तेच लपवायचं असतं. "शेवटी मोठा धक्का आहे" एवढं म्हटलं तरी घात होतो, कारण मग माणूस पहिल्या मिनिटापासून प्रत्येकावर संशय घेत बसतो. मी ते वाक्य कधीच टाकून दिलंय.

आधी स्पॅनिश 'द इन्व्हिजिबल गेस्ट' (२०१६) डोक्यात आला. पण त्यावरूनच 'बदला' निघाला आणि तो मामांनी दोनदा पाहिलाय. बाद. शेवटी डॅनिश 'द गिल्टी' ठरवला. आपत्कालीन मदतीच्या फोनवर बसलेला एक पोलीस. पलीकडून एका बाईचा फोन येतो. ती आपल्या लेकराशी बोलत असल्याचं नाटक करतेय, कारण तिला पळवून नेणारा शेजारीच बसलाय. दीड तासाच्या आत खेळ खल्लास, आणि कॅमेरा त्या कार्यालयातून बाहेरच पडत नाही. गाडी, रस्ता, पाऊस, सगळं आपण कानांनी बघतो. म्हणून मामांना बजावलं, डब केलेला मुळीच लावू नका, यातला अर्धा अभिनय नुसत्या आवाजाचा आहे. वाचावं लागेल, पण थोडंच. (थोडंच नाही. पण असू दे.)

मंगळवार

"पाहिला. मस्त आहे," मामा म्हणाले. "आणि तू उगाच घाबरवलंस. एक अक्षर वाचावं लागलं नाही. डॅनिश एवढी सोपी असते?"

मी गार. २०२१ मध्ये अमेरिकेत याच नावाचा, याच गोष्टीवरचा इंग्रजी सिनेमा निघाला, जेक जिलनहालचा. मामांनी नाव शोधलं आणि पहिला दिसला तो लावला. वाईट नाही तो, पण कोडं एकदा सुटलं की सुटलं. आता मूळ सिनेमा त्यांच्यासाठी वाया गेला. चूक माझीच. नुसतं नाव सांगून सिनेमा बघायला लावणं म्हणजे नुसत्या आडनावावर माणूस शोधायला पाठवणं. साल, भाषा, दिग्दर्शक, तिन्ही द्यायला हवं होतं: २०१८, डॅनिश, गुस्ताव म्योलर.

गुरुवार

काल रात्री डोकं चाललं. वाचायचा कंटाळा आहे ना, मग जिथे कुणी बोलतच नाही असा सिनेमा द्यावा! 'रिफिफी', फ्रेंच, १९५५, दिग्दर्शक ज्यूल्स दासँ. या वेळी सगळं कागदावर लिहून घ्यायला लावलं.

यात पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानावर दरोडा पडतो. वरच्या मजल्यावरच्या घरातून खाली भोक पाडायचं, आणि तेही आवाज न होऊ देता. जवळजवळ अर्धा तास ना कुणी बोलतं, ना संगीत वाजतं. संगीतकार जॉर्ज ऑरिकने त्या प्रसंगासाठी संगीत तयार केलं होतं. दासँने त्याला प्रसंग दोन्ही प्रकारे दाखवला, आणि संगीत नकोच हे ऑरिकलाही पटलं. मला सगळ्यात आवडते ती छत्री. जमिनीला जेमतेम भोक पडतं, त्यातून मिटलेली छत्री खाली सरकवतात आणि खालच्या बाजूला उघडतात. पुढे तोडफोडीत पडणारा चुना-विटांचा चुरा त्या उलट्या छत्रीत अलगद जमा होतो. धोक्याची घंटा कशी गप्प करतात ते मात्र प्रत्यक्षच बघावं. कुठेही घाई नाही. चारचौघं सुतारकाम करावं तसं निगुतीने काम करत असतात आणि आपण श्वास धरून बसतो. त्या चौघांतला तिजोरी फोडणारा इटालियन म्हणजे खुद्द दासँच. हॉलिवूडने राजकीय कारणावरून काळ्या यादीत टाकलं, कित्येक वर्षं काम नाही, म्हणून तो फ्रान्सला आला होता. याच सिनेमासाठी त्याला कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक विभागून मिळालं.

दुपारी मामींचा फोन. "अगं, हे मध्येच खोकले तर मीच म्हटलं, हळू, ऐकतील ना ते!"

दरोड्याआधी आणि नंतर भरपूर संवाद आहेत, ते दोघांनी मुकाट्याने वाचले. मामांनी तक्रार केली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "या वाचण्यापायी फोन हातात घेता येत नाही गं. नजर हटली की गेलं." हेच तर मी दहा वर्षं सगळ्यांना सांगतेय.

शनिवार, उशिरा

आज त्यांच्याकडे जाऊन तिघांनी मिळून 'मेमरीज ऑफ मर्डर' पाहिला. कोरियन, २००३, बोंग जून-हो. सुरुवातीलाच एक घोळ झाला. कर्णबधिरांसाठी असलेली सबटायटल्स चालू होती. ती गरजेची आहेतच, पण ऐकू येणाऱ्याने रहस्यपटाला ती लावू नयेत. कुणी दिसायच्या आधीच "पावलांचा आवाज" असं पडद्यावर येतं, आणि कधी कधी बोलणाऱ्याचं नावसुद्धा, जे आपल्याला अजून कळायचं असतं. यादीतून साधी निवडली आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

या सिनेमाच्या बाबतीत मी माझाच नियम मोडला. मामांना आधीच सांगून टाकलं, हा १९८६ ते १९९१ मध्ये ह्वासाँगला झालेल्या खऱ्या खुनांवर आहे आणि सिनेमा निघाला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. न सांगता दाखवला असता तर दोन तासांनी "मग खून केला कुणी?" म्हणून चिडले असते. सांगितल्यावर माणूस खुनी शोधायचं सोडतो आणि शोधणाऱ्यांकडे बघायला लागतो. त्या पोलिसांचा गर्व, मारहाण, निव्वळ ढिसाळपणा, खरा थरार तिथेच आहे. पहिल्याच प्रसंगात पिवळ्याधमक भातशेताकडेला फौजदार नालीत वाकून प्रेत बघतोय आणि बाजूला बसलेलं एक पोरगं त्याचं प्रत्येक वाक्य, प्रत्येक हावभाव चाळा केल्यासारखं परत करतंय. मामा हसले, आणि लगेच थांबले. हसावं की नाही ते कळेना.

शेवटच्या शॉटबद्दल एक शब्द लिहीत नाही. संपल्यावर टीव्ही बंद करायलाही कुणी उठलं नाही. मग २०१९ ची गोष्ट सांगितली. जुन्या पुराव्यांवरचा डीएनए जुळला आणि तो माणूस सापडला. तो आधीच तुरुंगात होता, मेव्हणीच्या खुनासाठी, १९९४ पासून. ह्वासाँगच्या खुनांची मुदत मात्र टळून गेली होती, त्यामुळे त्यांसाठी खटला भरताच आला नाही.

"म्हणजे यांनी हा काढला तेव्हा तो आतच होता," मामा म्हणाले. बराच वेळ प्लास्टरवर बोटं वाजवत बसले.

निघताना दारात मी सहज म्हणून गेले, पुढच्या खेपेला एक अर्जेंटिनाचा आणते. त्यात एक टाइपरायटर आहे, त्याचं 'ए' हे अक्षर उमटत नाही. तेवढं लक्षात ठेवा, बाकी काही विचारू नका.

घरी येऊन चप्पल काढतेय तोच फोन वाजला.

"तो टाइपरायटरवाला. नाव नंतर, आधी साल सांग."

"२००९, मामा. स्पॅनिश. कांपानेया. 'द सीक्रेट इन देअर आइज'. २०१५ चा दिसला तर हात लावू नका."

"थांब, मामी लिहून घेतेय."