मीठ-तिखटाची पुडी

ड्रेसडेनहून बसने निघालं की दोनेक तासांत प्राग. सॅकमध्ये पाण्याची बाटली, छत्री आणि डब्यात चार उकडलेली अंडी. जर्मनीत अंड्यांचं खोकं दहाचं मिळतं, आणि महिनाअखेरीला माझा संसार त्या दहांवरच चालतो.

दुपारपर्यंत नेमाने सगळं पाहिलं. प्रागच्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळासमोर अर्धा तास मान वर करून उभी राहिले. तास भरला, घड्याळावरच्या सांगाड्याने दोरी ओढली, बारा प्रेषित खिडकीतून दर्शन देऊन गेले, वर सोनेरी कोंबडा आरवला. संपलं. मिनिटभराचाच खेळ. शेजारच्या काकू वळून काहीतरी बोलल्या. भाषा कळली नाही, पण सूर ‘एवढंच?’ असाच होता. फरसबंदीवर चालून चालून पायांचे तुकडे पडले, तेव्हा चार्ल्स पुलाच्या कठड्याला टेकून डबा उघडला.

नेमकी तेव्हाच एका गाइडने घोळक्याला अंड्यांची गोष्ट सांगायला घेतली. आधीचा पूल १३४२च्या पुरात गेला. सम्राट चौथ्या चार्ल्सने नव्याचा पाया घातला तो म्हणे मुहूर्त काढून. साल १३५७, तारीख ९, महिना ७, पहाटेचे ५ वाजून ३१ मिनिटं. एका ओळीत लिहा: १३५७९७५३१. घाटासारखं चढतं आणि उतरतं. आमच्याकडे लग्नाला गोरज मुहूर्त चुकला तरी बँडवाले वाजवतच राहतात, हे आपलं उगाच आठवलं.

तर, चुना पक्का धरावा म्हणून त्यात अंडी घालायची ठरलं. एवढी अंडी एकट्या प्रागमध्ये कुठली? गावोगावी निरोप गेले. वेलवरी गावाने इमानेइतबारे गाडी भरून पाठवली. वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून!

घोळका हसला. माझ्या हातात अर्धं सोललेलं अंडं. मला वेलवरीकरांचं काही चुकलंय असं वाटेना. प्रवासाला अंडी न्यायची तर उकडूनच नेतात.

पाचवीची सहल, पन्हाळा. लाल एस्टी, खिडकीत बसण्यावरून मारामारी. अंबरखान्याच्या सावलीत बाईंनी डबे उघडायला सांगितले. पंचवीस डब्यांत पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. एकट्या मागच्या बाकावरच्या मुलाने वर्तमानपत्रातून तीन अंडी काढली, आणि सोबत मीठ-तिखटाची इवलीशी पुडी. ‘शाकाहारी मुलं इकडे सरका,’ असं बाई म्हणाल्या. आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे, त्यामुळे मी निमूट सरकले. पण नजर त्या पुडीवर. तो अंडं मिठात टेकवायचा, चावायचा, पुन्हा टेकवायचा. हात धुवायला गेलो तेव्हा त्याने न बोलता अर्धं माझ्या हातावर ठेवलं. पिवळं बोटांना चिकटलं होतं. मी ते उभ्या उभ्याच गिळलं. चव काही आठवत नाही, तिखट नाकात गेल्याचं आठवतं. घरी आल्यावर आईने विचारलं, ‘काय खाल्लंस?’ मी म्हटलं, ‘पुरीभाजी.’

पुलावर तीस पुतळे आहेत. त्यातल्या नेपोमुकच्या योहानला १३९३ साली इथूनच नदीत टाकलं होतं. आता त्याच्या पायाशी पितळी चित्राला हात लावायला रांग असते. हात लागून लागून पितळ लखलखतंय. मीही लावला, आधी बोटांचं तिखट रुमालाला पुसून. संत माणूस, उगाच कशाला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिला पूल दाखवला, किल्ला दाखवला, नदीतले हंस दाखवले. ‘ते राहू दे, जेवलीस का? काय खाल्लंस?’

‘ब्रेड आणि बटाट्याची भाजी.’ डबा कॅमेऱ्याबाहेर.

परतीच्या बसमध्ये नकाशा उघडला. वेलवरी प्रागहून फार लांब नाही. पुढच्या वेळी तिकडेच जाईन म्हणते. पूलबिल नसला तरी चालेल. डबा आहेच.