पातेरा आणि अळंबी : नोंदवहीचे तिसरे वर्ष

चित्रा नक्षत्र लागले, पाऊस परतला आणि माझ्या नोंदवहीचे तिसरे वर्ष पूर्ण झाले. मालवण तालुक्यातील आमच्या गावी काजूच्या बागेतून जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) आणि तेथून ग्रामदेवतेच्या राईपर्यंत जाणारी एकच वाट मी दर आठवड्याला चालतो. पहिली दोन वर्षे पानांचे रंग एका वहीत आणि अळंबी दुसऱ्या वहीत टिपली होती. यंदा दोन्ही नोंदी एकाच पानावर शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांचे नाते प्रथमच नीट दिसले.

वारुळावरची अळंबी यंदा १९ जुलैला, पुनर्वसू सरता सरता उगवली. वाळवी चावलेल्या पाल्याचे आणि काटक्यांचे सच्छिद्र पोळे जमिनीखाली रचते व त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी पोसते. वाळवीला न पचणारा काष्ठमय भाग ही बुरशी मोडून देते आणि पावसात माती मऊ झाली की तिच्या टोकदार छत्र्या वर येतात. म्हणजे फाल्गुनात गळलेले पान आषाढात अळंबी होऊन पुन्हा उजेडात येऊ शकते. एका छत्रीचा मुळासारखा देठ माती हलकेच बाजूला करत मोजला. २२ सेंटिमीटरपर्यंत जाऊनही पोळे लागले नाही, तेव्हा थांबलो, कारण ते फोडणे मला पटत नाही.

यंदाची खरी प्रगती बीजाणूंच्या, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक भुकटीच्या, ठशांत आहे. देठ कापून छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवतो, वर वाडगा झाकतो आणि सकाळी ठसा पाहतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर आला, तर अंगणालगतच्या गवतात उगवलेल्या, वरून तितक्याच पांढऱ्या दिसणाऱ्या छत्रीने हिरवट ठसा दिला. ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. ती खाल्ल्यास उलट्या आणि जुलाब होतात. कोवळेपणी तिच्या छत्रीखालचे पडदेही पांढरेच असतात, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. ठसा हा ओळखीचा एक पुरावा आहे, खाण्याचा परवाना नव्हे. आमच्या घरी शेजारच्या काकींनी हातात घेऊन पारखल्याशिवाय एकही अळंबी चुलीवर चढत नाही.

पानांच्या रंगांविषयी थोडक्यात लिहितो. आपल्याकडे सारे रान शरदात एकदम रंगत नाही. पावसानंतर किंजळीवर येणारा तांबूसपणा तिच्या पंखदार फळांचा असतो, पानांचा नव्हे, ही पहिल्या वर्षाची चूक आता वहीत दुरुस्त केली आहे. गळणाऱ्या पानांची खरी लाली पाहायची तर पौषातला बदाम पाहावा, हरितद्रव्य मोडत गेले की त्याचे पान लालभडक होऊन गळते. कोशिंबाची लाली मात्र फाल्गुन-चैत्रातील कोवळ्या पालवीची. गेल्या खेपेस राईच्या कडेचा एक कोशिंब उन्हासमोर इतका पेटला होता की मी पुढची वाट सोडून तासभर तेथेच बसलो.

दोन्ही नोंदी जुळवताना एक फरक ठळकपणे दिसला. बागेतला पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाला, आम्ही भाजावळीसाठी (पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी) गोळा करून नेतो, राईतला कोणी उचलत नाही. बागेत मला अळंबीचे पाच प्रकार आढळले, राईत एकवीस. राईत कुजक्या ओंडक्यावरच्या कानासारख्या मऊ बुरशीपासून पाचोळ्यावरच्या केसाएवढ्या देठाच्या छत्र्यांपर्यंत सारे होते, आणि वाळवी सोडून गेलेल्या एका वारुळातून झायलेरिया या बुरशीच्या काळ्या काड्या वर आल्या होत्या. राईत सावली आणि ओलही अधिक असते, म्हणून सारे श्रेय पातेऱ्याला देणे घाईचे ठरेल. यासाठी येत्या माघापासून बागेत सारख्याच सावलीचे दोन चौकोन आखणार आहे. एकातला पातेरा नेहमीप्रमाणे झाडून नेईन, दुसऱ्यातला तसाच ठेवीन आणि मृगापासून दोन्हींची मोजणी लिहीन. दुसऱ्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर जांभ्याचे चिरे कालच ठेवून आलो.