शंख सांगितला, चकली मिळाली

स्वित्झर्लंडमधल्या बासेलला लोक चित्रं बघायला जातात. मी एक चूक बघायला गेले.

ऱ्हाइन ओलांडायला पूल आहेत, पण मी होडी धरली. इंजिन नाही, वल्ही नाहीत. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला दोरानं जखडलेली ही होडी निव्वळ प्रवाहाच्या रेट्यावर पैलतीराला लागते. नावाडी फक्त सुकाणू फिरवतो. उतरून दम लागेपर्यंत पायऱ्या चढले, की वर तांबड्या दगडाचं म्युन्स्टर, म्हणजे गावातलं जुनं मोठं चर्च.

आत विद्वान लेखक इरास्मसची समाधी आहे. १५३६ साली तो इथे वारला. जन्मभर कॅथलिक राहिलेला माणूस आणि पुरला प्रोटेस्टंट झालेल्या चर्चमध्ये! पण माझे पाय ओढत होते बाजूच्या ओवऱ्यांकडे. तिथे भिंतीवर गणिती याकोब बर्नोलीची स्मृतिशिळा आहे.

याकोब १७०५ मध्ये गेला. एक रुपया शंभर टक्के व्याजानं ठेवला आणि व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात मिळवत गेलो, तरी वर्षअखेर तीन रुपये होत नाहीत, हे त्यानं दाखवलं. चक्रवाढीला घाबरणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की वर्ग एकदम जागा व्हायचा. त्याचा जीव जडला होता एका सर्पिलावर, म्हणजे गोल गोल वेढे घेत जाणाऱ्या रेषेवर. ते लहान करा, मोठं करा, आकार तोच. म्हणून त्याला आपल्या थडग्यावर ते हवं होतं, आणि भोवती लॅटिन ओळ: ‘एआडेम मुटाटा रेसुर्गो’. बदलूनही मी तीच होऊन उठते.

शिळेच्या तळाशी ते वर्तुळ सापडलं. वाकून बघितलं. त्याला हवं होतं ते सर्पिल शंखासारखं: बाहेर जाल तसं वेढ्यांमधलं अंतर वाढत जातं. पाथरवटानं कोरलंय ते आर्किमिडीजचं, सगळे वेढे सारख्या अंतरावर. थोडक्यात, चकली. मला हसू आवरेना. शेजारचे आजोबा चमकून बघायला लागले, त्यांना काय सांगणार!

या घराण्याची भांडणंही तेवढीच नामांकित. धाकटा भाऊ योहान याकोबशी जाहीर वाद घालायचा, पुढे स्वतःच्या मुलाशीही त्याचं बिनसलं. १७३४ साली पॅरिसच्या अकादमीनं बाप-लेकाला बक्षीस वाटून दिलं, तर बापाला ते झोंबलं. हा मुलगा म्हणजे डॅनिएल, शाळेत प्रवाहांचा नियम शिकतो तो बर्नोली. (माझी होडी त्याच्या आवडीचा विषय झाली असती.)

योहानचा खरा लाडका शिष्य म्हणजे थोर गणिती लेओनहार्ट ऑयलर, जन्म बासेलचाच, १७०७ चा. विद्यापीठातली भौतिकशास्त्राची जागा त्याला मिळाली नाही. विशीला दहा दिवस कमी असताना त्यानं गाव सोडलं, तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि पुन्हा बासेलला फिरकलाच नाही. कुणाला जागा नाकारली!

याकोबनं १६८९ साली एक कोडं छापलं होतं: १ + १/४ + १/९ + १/१६... ही बेरीज किती? मला जमत नाही, कुणाला जमलं तर कळवा, असं मोकळेपणानं म्हटलं होतं. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी उत्तर आलं, π (पाय) चा वर्ग भागिले सहा. ऑयलरचंच. ते वाचून म्हाताऱ्या योहाननं, आयुष्यभर भांडलेल्या त्या भावानं, लिहिलं: आज माझा भाऊ असायला हवा होता.