डिशवॉशरच्या तळाशी साचलेले पाणी

रविवारी सकाळी डिशवॉशर उघडला, तेव्हा तळाशी चार बोटे पिवळट पाणी साचले होते आणि त्यावर तेलाचा तवंग पसरला होता. गाळणीखालच्या खळग्यात थोडे पाणी एरवीही राहते आणि त्यामुळे तिथले रबरी सील कोरडे पडत नाही. मात्र पाणी गाळणीच्या वर चढून तळ झाकू लागले, तर निचरा कुठेतरी अडला आहे, असे समजावे.

प्लग काढून खालची जाळी बाहेर घेतली, वाटीने पाणी उपसले आणि उरलेले स्पंजने टिपले. गाळणी हातात आली तेव्हा तिच्यात शिते, मोहरी आणि कढीपत्त्याचे देठ हळदीच्या लगद्यात चिकटून बसले होते. जुन्या टूथब्रशने ती स्वच्छ केली, सिंकखालची नळी कचऱ्याच्या डब्यामागे दुमडली तर नाही ना तेही पाहिले (ही नळी एके ठिकाणी ओट्याच्या खालच्या अंगापर्यंत उंच बांधलेली असावी, नाहीतर सिंकचे घाण पाणी उलट मशीनमध्ये येते). तरीही निचऱ्याच्या वेळी पंप नुसताच घुमत राहिला.

घुमणारा पंप जळालेला नसतो, बहुधा अडकलेला असतो. म्हणून प्लग पुन्हा काढला आणि खळग्याच्या कडेचे पंपाचे छोटे झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटले. तिथे फुटलेल्या पेल्याची काच असू शकते, म्हणून बोट न घालता बॅटरीच्या उजेडात चिमटा घातला, तर पंख्याच्या पात्यात रुतलेला एक चिंचोका निघाला. काडीने ढकलल्यावर पंखा अडखळत फिरला, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आत चुंबक असल्याने तो तसाच टप्प्याटप्प्याने फिरतो.

एवढा मोठा चिंचोका गाळणीतून गेलाच कसा, हा प्रश्न मला पंपापेक्षा महत्त्वाचा वाटला. मागच्या वेळी गाळणी धुऊन मी ती नुसती ठेवून दिली होती, खटका बसेपर्यंत फिरवली नव्हती, आणि त्या फटीतून तो खाली उतरला. भांडी आधी नळाखाली विसळण्याची गरज नाही, खरकटे निपटून टाकले तरी पुरते. गाळणी मात्र घट्ट बसलीच पाहिजे.

झाकण लावून फक्त निचऱ्याचे चक्र चालवले आणि मिनिटभरात तळ दिसू लागला. चिंचोका ओट्यावर ठेवला आहे. चिंचेचा कोळ न गाळता आमटीत ओतणारा घरात मी एकटाच असल्याने चौकशी लांबली नाही.