शिंपल्यांचे दोन तक्ते

मी १९८९ साली आपल्या शाळेतून दहावी झाले. पुढे पुण्यात एम.एस्सी., बंगळूरला पीएच.डी., मग काही वर्षं लंडन आणि पुन्हा बंगळूर. या सगळ्या काळात काम मात्र एकच करत आले. प्राण्यांचा डीएनए वाचायचा, एकाचा दुसऱ्याशी ताडून पाहायचा, आणि कोण कोणाचं नातलग, ते नातं किती जुनं, हे शोधायचं. उत्क्रांतीचा जनुकांमधून अभ्यास करणारं हे शास्त्र. त्यातल्या वंशवृक्ष बांधण्याच्या भागाला फायलोजेनेटिक्स म्हणतात. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेने काय दिलं’ यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. शाळेने मला हा विषय दिला. त्याचं नावसुद्धा कोणी उच्चारलं नव्हतं, तरी दिला.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला ओहोटीच्या वेळी खाडीवर नेलं होतं. तिसऱ्या, मुळे, कालवं, जे मिळेल त्याचे रिकामे शिंपले गोळा करून आणले. बाईंनी वर्गाचे दोन गट केले. एका गटाने रंग आणि वरच्या रेघा पाहून शिंपले लावायचे, दुसऱ्याने आतली बिजागरी आणि तिच्याजवळचे दात पाहून. दोन्ही गटांनी जुळणारे शिंपले जवळ, न जुळणारे लांब, असे तक्ते केले. तक्ते एकमेकांशी जुळेनात. एकात जे भाऊ, ते दुसऱ्यात परके. आम्ही भांडलो, आणि शेवटी बाईंना विचारलं, बरोबर कोणाचं? बाई म्हणाल्या, “दोन्ही लावा भिंतीवर. ते का जुळत नाहीत, ते मला सांगा. मग बघू.” ते तक्ते वर्षभर प्रयोगशाळेत शेजारी-शेजारी लटकत होते. दहावीचं वर्ष सुरू होईपर्यंत आमच्यातल्या काहींना उमगलं होतं की वाळूत राहणारे शिंपले नातलग नसतानाही रंगाने सारखे दिसतात, बिजागरी मात्र इतक्या सहज बदलत नाही. पुस्तकात हे नव्हतं. परीक्षेतही आलं नाही.

मी पीएच.डी.ला लागले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत डीएनएच्या चार अक्षरांचा क्रम हाताने वाचावा लागायचा. किरणोत्सारी द्रव्य लावलेले तुकडे जेल नावाच्या लिबलिबीत थरातून पळवायचे, त्यावर एक्स-रे फिल्म ठेवायची आणि फिल्म धुऊन आली की दिव्याच्या पेटीवर धरून काळ्या पट्ट्या एकेक वाचायच्या: ए, सी, जी, टी. एका फिल्मवर दोन-तीनशे अक्षरं मिळाली तरी दिवस सार्थकी लागला असं वाटायचं. आज यंत्र एका रात्रीत अब्जावधी अक्षरं वाचतं. पण फिल्म वाचताना जे अक्षर पुसट आहे ते पुसटच म्हणून लिहायची सवय लागली, ती मी आजही विद्यार्थ्यांना लावते.

सुरुवातीला जवळजवळ सगळे जण तंतुकणिकांमधला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमधला, डीएनए वाचत. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे तो मिळवायला सोपा. पण तो जवळपास सर्व प्राण्यांत फक्त आईकडून येतो. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत वंश बापाकडून मुलाकडे उतरतो आणि मुलींच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘कन्या तीन’ एवढंच असतं. तंतुकणिकेचा डीएनए म्हणजे याच्या बरोबर उलटा कुलवृत्तांत: त्यात आई, आजी, पणजी, खापरपणजी सापडतात आणि पुरुषांचा मागमूस नाही. दोन्ही वृत्तांत खरे आणि दोन्ही अपुरे. मला हे कळलं तेव्हा भिंतीवरचे ते दोन तक्ते डोळ्यांपुढे आले.

त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला आपल्या देशातल्या वानरांमध्ये दिसतं. उत्क्रांतीचे अभ्यासक प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दक्षिण आशियातल्या वानरांचा वंशवृक्ष मांडला. निलगिरी वानर आणि श्रीलंकेतलं जांभळ्या तोंडाचं वानर ही दोन्ही आपल्या नेहमीच्या वानराची, म्हणजे हनुमान लंगूरची, जवळची भावंडं निघाली. पण ईशान्य भारतातलं टोपीवालं वानर मात्र पेचात टाकणारं होतं. तंतुकणिकेचा डीएनए त्याला हनुमान लंगूरच्या फांदीवर बसवत होता, तर पेशीकेंद्रातली जनुकं त्याला आग्नेय आशियातल्या वानरांशी जोडत होती. प्रयोगात चूक झाली असेल म्हणून एक निकाल बाजूला सारणं सोपं होतं. त्यांनी दोन्ही निकाल मांडले आणि शक्यता पुढे ठेवली, की फार पूर्वी या दोन कुळांचा संकर झाला असावा. न जुळणारे दोन वृक्ष हाच एका जुन्या भेटीचा पुरावा ठरला. मी आजवर वाचलेल्या शोधनिबंधांतलं हे माझं फार आवडतं पान आहे.

वंशवृक्ष बांधणं म्हणजे नुसतं सारखेपणा मोजणं नव्हे, हेही सांगायला हवं. फक्त १० जाती घेतल्या, तर त्यांचं नातं दाखवणारे मुळासकट, म्हणजे सगळ्यांचा मूळ पूर्वज कुठे तेही दाखवणारे, वृक्ष ३,४४,५९,४२५ तऱ्हांनी काढता येतात. त्यातला एक निवडायचा. त्यासाठी संगणक आणि संख्याशास्त्र लागतं. १९८५ साली जोसेफ फेलसेनस्टाइन यांनी एक युक्ती या क्षेत्रात आणली: सगळ्या जातींचे डीएनए एकाखाली एक मांडले की अक्षरांचे जे उभे स्तंभ होतात, ते चिठ्ठ्यांसारखे पुन्हा पुन्हा उचलायचे, दर वेळी नवा वृक्ष बांधायचा आणि एखादी फांदी किती वेळा परत येते ते मोजायचं. फांदीवरचा तो आकडा म्हणजे ‘कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर. जनुकशास्त्राला गणित लागतं हे मला एम.एस्सी.लाच दिसलं होतं. एका तासाला गुणसूत्रांवरची जनुकांमधली अंतरं मोजण्याचं एक सूत्र आलं, कोसंबी फलन. हे कोसंबी म्हणजे गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, आपण ज्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो ते दामोदर धर्मानंद कोसंबीच. त्यांनी ते १९४४ साली मांडलं आणि ते आजही वापरात आहे. त्या दिवशी वर्गात मला किती अभिमान वाटला, हे शब्दांत सांगता येणार नाही.

आता ज्या प्राण्यांसाठी मी आयुष्य दिलं त्यांच्याविषयी. कोकणात पावसाळ्यात माती उकरताना, शेणखताच्या कडेला, बागेतल्या आळ्यात कधी कधी गांडुळासारखा, पण मोठा, चकचकीत, अंगावर वळ्या असलेला प्राणी निघतो. हा गांडूळ नाही आणि सापही नाही. हे देवगांडूळ, बेडकाचं दूरचं भावंड, पाय नसलेला उभयचर. त्याला जबडा असतो, दात असतात, आणि कित्येक जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांची राखण करते. लोक सापाचं पिल्लू समजून त्याला मारतात. मी लहानपणी हे पाहिलं आहे.

२००३ हे वर्ष आमच्या क्षेत्रात विलक्षण होतं. त्या वर्षी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या देवगांडुळाचं नवी जात म्हणून वर्णन प्रसिद्ध झालं. आंबोलीच्या देवगांडुळाचंही त्याच वर्षी झालं. ऑक्टोबरमध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी केरळमधल्या इडुक्कीचा जांभळा बेडूक ‘नेचर’ या शोधपत्रिकेत जगापुढे आणला. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणाऱ्या त्या बेडकाचे सगळ्यात जवळचे जिवंत नातलग हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. आपल्या सह्याद्रीतल्या कित्येक देवगांडुळांचंही तसंच: त्यांची जवळची भावंडं सेशेल्सवर आहेत. खारं पाणी उभयचरांना सहसा सोसत नाही, मग मधला समुद्र ओलांडला कसा? उत्तर असं, की तेव्हा मध्ये समुद्रच नव्हता. भारत आणि सेशेल्स एकाच भूभागाचे तुकडे होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा ओसंडत होता त्या सुमारास, ते वेगळे झाले. पुढे भारत उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला. आपल्या पायाखालचा काळा कातळ आणि त्याच मातीतला हा बिनपायांचा प्राणी एकाच घटनेचे साक्षीदार आहेत.

ही साक्ष तारखेनिशी तपासायची तर डीएनएमधले बदल मोजावे लागतात आणि त्या बदलांच्या वेगाला जीवाश्मांची खूण लावावी लागते. देवगांडुळांचे जीवाश्म फार थोडे. १९९३ साली वर्णन झालेलं एक अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं, जुरासिक काळाच्या सुरुवातीचं. त्याला चिमुकले पाय होते! माझी पुष्कळ वर्षं अशा खुणा कुठे लावायच्या, किती सैल धरायच्या, या प्रश्नात गेली. लंडनच्या संग्रहालयात फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए काढण्याचाही खटाटोप केला. फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे पडतात, म्हणून कष्ट फार आणि हाती थोडं. तरीही बरण्यांवर खंडाळा, कोयना अशी आपली नावं वाचली की परदेशातला तो दिवस चांगला जाई.

कोकणातल्या देवगांडुळांच्या जातींच्या सीमा अजून नीट ठरलेल्या नाहीत. दिसायला एकसारखे प्राणी दोन नद्यांच्या दोन बाजूंना वेगळ्या जातींचे असू शकतात, किंवा वेगळे दिसणारे एकाच जातीचे. हे ठरवायला गावागावांतल्या नोंदी हव्यात आणि त्या बाहेरून आलेल्या माणसाला मिळत नाहीत. म्हणून आजच्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. पावसाळ्यात देवगांडूळ दिसलं तर मारू नका, हातात घेऊ नका. फोटो काढा, तारीख, वाडी, आणि ते शेतात, बागेत की देवराईत सापडलं ते लिहून ठेवा. मुख्याध्यापकांनी यासाठी प्रयोगशाळेत एक वही ठेवायचं मान्य केलं आहे. दर जूनमध्ये मी येऊन ती पाहीन आणि नववीच्या वर्गाबरोबर त्या नोंदींचा नकाशा करीन.

बाई, तुम्ही ही स्मरणिका वाचाल हे मला ठाऊक आहे. त्या वर्गाला तुम्हीही या.