ग्लव्ह बॉक्सच्या मागे
आजचा रविवार गाडीच्या डॅशबोर्डमागे गेला. ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) फक्त चारच्या स्पीडवर चालायचा, एक-दोन-तीनला गप्प. म्हणजे रेझिस्टर, पंख्याचा करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग, जळालेला. फुल स्पीडला करंट त्यातून जातच नाही. केबिन फिल्टर धुळीने चोंदला की रेझिस्टरला थंड ठेवणारी हवा कमी पडते आणि तो तापत राहतो.

पार्ट एवढासा. पण तिथवर पोचायला ग्लव्ह बॉक्स उतरवा, मान वाकडी करून खाली झोपा, टॉर्च दातात धरा, मागचा स्क्रू न दिसता बोटांनी चाचपून फिरवा. तो निसटून कार्पेटखाली गेला तेव्हा खरंच रडू आलं. उन्हाने कडक झालेल्या क्लिपा तर हात लावताच तुटतात. जळणारा भाग इतका आत का बसवतात?

(आधी बॅटरीची वायर काढा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नको.)

संध्याकाळी एकवर हवा आली! क्लिपा उद्या आणतो.