आल्याच्या पाटीवरचे आडनाव

शांघायच्या भाजीबाजारात आज आल्याच्या ढिगावरील पाटीकडे बोट दाखवून सोबतची सहकारी हसत म्हणाली, "हे माझे आडनाव!"

चिनी लिपी सोपी करताना आल्याचे किचकट अक्षर वगळून 'च्यांग' या आडनावाचेच अक्षर आल्यालाही दिले गेले. त्यात वर मेंढीचे आणि खाली स्त्रीचे चिन्ह आहे. इ.स. १०० च्या सुमाराचा 'श्वोवन' कोश सांगतो, की शेतीचा पौराणिक जनक शन्नोंग च्यांग नदीकाठी राहत असे, म्हणून हे कुलनाम. मेंढी केवळ उच्चार सुचवण्यापुरती, अर्थासाठी नाही, असेही तोच म्हणतो. परंतु प्राचीन मेंढपाळ छ्यांग लोकांच्या नावाच्या अक्षरातही ती असल्याने मला ते पुरेसे पटत नाही.

माझे मन मात्र त्या स्त्रीपाशी अडकले. ची, याओ, यिंग या प्राचीन कुलनामांतही ती आहेच, आणि 'कुलनाम' या शब्दाच्या अक्षरात तर स्त्री व जन्म शेजारी उभे आहेत. ही कुळे कधीकाळी आईवरून ओळखली जात असतील का?